सांगाडे नकोत, फिरणारे पंखे हवेत

गोव्यात दाबोळी विमानतळापासून जवळच, बोगमाळ्याच्या बाजूला नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक सुपर कॉन्स्टेलेशन विमान उघड्यावर उभे आहे. चार इंजिने, माशासारखे बाकदार अंग आणि शेपटीला एकाऐवजी तीन सुकाणू. १९५०च्या दशकात एअर इंडियाचे उतारू याच जातीच्या विमानांनी मुंबईहून लंडनला जात. पुढे ही विमाने हवाई दलाकडे आली. पुण्याच्या लोहगाव तळावरच्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांना समुद्रावरच्या टेहळणीला जुंपले. १९७६ मध्ये ती नौदलाकडे गेली आणि दाबोळीहून अरबी समुद्रावर घिरट्या घालत राहिली. एवढे पाहिलेले यंत्र आता खारा वारा आणि कोकणपट्टीचा पाऊस अंगावर घेत उभे आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला खारी हवा लागली की तो लोखंडासारखा तांबूस गंजत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात. भिजलेल्या वहीची पाने फुगावीत तसा पत्रा आतून फुगत जातो. वरून रंगाचा नवा हात दिला की ते दिसेनासे होते, थांबत मात्र नाही.

पंख्याच्या जुन्या विमानांवर जीव टाकणारी माणसे आपल्याकडे मोजकी आहेत, पण चिवट आहेत. कोणते विमान कुठल्या कारखान्यात बनले, कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते, त्याचे नोंदणी क्रमांक किती वेळा बदलले आणि शेवटी ते कुठल्या भंगारवाल्याकडे गेले, याच्या नोंदी सरकारी दफ्तरांपेक्षा या मंडळींच्या वह्यांत अधिक नेमक्या सापडतील. त्यांच्यात एक वाद कायम चालतो. जुने विमान छपराखाली जपून ठेवावे की त्याला उडवत ठेवावे? मला या वादात तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. विमान कुठे ठेवायचे हे नंतर पाहता येईल. आधी ते चालते ठेवण्याची विद्या टिकवली पाहिजे, कारण ती गेली की छपराखालचे विमानही नुसता सांगाडा होते. डाकोटा या दोन इंजिनांच्या विमानाचेच उदाहरण घ्या. त्याच्या प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात. विमान काही काळ उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. अशा वेळी थेट इंजिन चालू केले तर तेल दाबले जात नाही, दट्ट्याचा दांडा वाकतो आणि इंजिन कामातून जाते. म्हणून आधी पंख्याचे एकेक पाते हाताने ओढून तो फिरवून घ्यायचा. मध्येच पाते अडले तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचे. हे पुस्तकात लिहिलेले असते. पण पाते ‘जड लागणे’ आणि ‘अडणे’ यातला फरक तळहाताला कळावा लागतो, आणि तो शेजारी उभा असलेला जुना मिस्त्रीच शिकवू शकतो.

ही विद्या आपल्याकडे होती, आणि थोडीथोडकी नव्हती. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्रजांच्या हवाई दलाने अमेरिकेकडून मिळालेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरला सोडून दिली. सोडण्याआधी ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून ठेवली होती. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसे तिथे गेली. एका विमानाचा चांगला भाग दुसऱ्याला लावत त्यांनी ती जेमतेम उडण्याजोगी केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमाने उभी राहिली. स्वतंत्र भारताचे पहिले जड बॉम्बफेकी दल असे भंगारातून उभे राहिले आणि १९६८ पर्यंत ती विमाने सेवेत होती. जगातल्या इतर हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढली होती, तेव्हा आपली उडत होती. कारखान्यातल्या कामगारांच्या हातांना आपल्या इतिहासात जे स्थान मिळायला हवे होते, ते मिळालेले नाही.

पुढे काय झाले तेही पाहू. निवृत्त लिबरेटर इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांत गेली; एक दिल्लीत पालमला राहिले. कानपूरहून वाचलेले एक विमान १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने विकत घेतले. त्याच्याकडून ते अमेरिकेत गेले आणि १९८९ मध्ये पुन्हा आकाशात उडाले. टेम्पेस्ट या लढाऊ विमानाची जी दुसरी आवृत्ती होती, तिची आज जगात उरलेली बहुतेक विमाने भारतातल्या तळांवरून गोळा करून नेलेली आहेत. बरीच स्पिटफायरही तशीच गेली. परदेशी गेली म्हणून ती वाचली, इथे राहिली असती तर वितळवली गेली असती, असे कोणी म्हणाले तर ते खोडून काढता येत नाही. त्यामुळे नेणाऱ्यांवर राग धरण्यात अर्थ नाही. विचार करायचा तो उलट्या प्रवासाचा. २०११ मध्ये तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी परदेशात भंगारात निघालेले १९४४चे एक डाकोटा मिळवले, स्वखर्चाने दुरुस्त करवून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन डाकोटा श्रीनगरला उतरली, त्या मोहिमेतल्या विमानाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला दिला आणि ‘परशुराम’ असे नाव ठेवले. २०१८ मध्ये ते उडतच भारतात आले. फार मोलाची भेट आहे ही. पण ते उभे राहिले इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यातले टायगर मॉथही तिकडूनच दुरुस्त होऊन आले. १९४८ मध्ये ज्या देशाने मुद्दाम फोडलेली चार इंजिनांची विमाने उडवून दाखवली, त्याला सत्तर वर्षांनी दोन इंजिनांच्या विमानासाठी बाहेर जावे लागले. विद्या जाते म्हणतात ती अशी.

मराठी वाचकाला यात एक जास्तीची टोचणी असायला हवी. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले की नाही, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे हिरिरीने वाद झाले, त्यावर चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही. ज्याचा पुरावा आहे, कागद आहेत आणि खरीखुरी विमाने आहेत, त्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नाव मात्र किती घरांत ठाऊक असेल? कोल्हापूर जिल्ह्यातले हे गृहस्थ जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. परत येऊन त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले. १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि उडवणारे पुन्हा तेच जमशेद मुन्शी होते. भारतात आखलेले, भारतात बनलेले हे धातूचे दोन आसनी विमान पुढे घानाच्या हवाई दलानेही विकत घेतले. आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या याच विमानावर शिकल्या. वाद घालायला तळपदे आणि विसरायला घाटगे, ही वाटणी आपल्याला शोभत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात गंभीर आहे तो सुरक्षेचा. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडच्या डोंगरात जुने युंकर्स विमान कोसळले आणि वीस माणसे गेली. २०१९ मध्ये अमेरिकेत बी-१७ पडून सात जण दगावले. २०२२ मध्ये डलासच्या हवाई प्रदर्शनात दोन जुनी विमाने एकमेकांवर आदळली, त्यात सहा गेले. जुन्या विमानांच्या प्रेमापोटी हे आकडे झाकणारा माणूस त्या विमानांचाही मित्र नव्हे. पण चौकशांतून काय निघाले? युंकर्सच्या वैमानिकांनी दरीत अतिशय धोक्याच्या पद्धतीने विमान नेले होते. बी-१७च्या बाबतीत वैमानिकाची चूक आणि देखभालीतली हयगय समोर आली. डलासला विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याची आखणीच नव्हती. म्हणजे तिन्ही ठिकाणी दोष माणसांच्या शिस्तीचा होता. यावरून मी दोन गोष्टी मान्य करतो. अशा विमानांत तिकीट काढून उतारू बसवू नयेत, आणि गर्दीच्या डोक्यावर कसरती करू नयेत. एकमेव उरलेले विमान तर उडवूच नये. पालमच्या संग्रहालयातले वापिटी हे त्या जातीचे जगातले एकच शिल्लक विमान आहे. १९३३ मध्ये कराचीच्या ड्रिघ रोडवर भारतीय हवाई दलाची सुरुवात झाली ती वापिटींवरच. त्याला छपराखालीच ठेवावे. पण ज्यांची भावंडे अजून उडताहेत, सुटे भाग मिळताहेत, त्या डाकोटा, हार्वर्ड आणि टायगर मॉथसारख्या विमानांची इंजिने नियमाने चालवण्यात आणि ठरावीक दिवशी, मोकळ्या रानावर त्यांना उडवण्यात वेडे धाडस काही नाही.

खर्चाचा आक्षेप मला तितका जड वाटत नाही. जुन्या विमानांचा हट्ट श्रीमंत देशांनी करावा, असे म्हटले जाते. पण इथे मागणी शेकडो विमानांची नाही. एक कार्यशाळा, सात-आठ विमाने आणि दरवर्षी डझनभर शिकाऊ मुले एवढेच पुरे. नागपूर, पुणे किंवा बंगळूरच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलाने पत्र्याला रिव्हेट मारणे, पंखावर कापड ताणून बसवणे, मॅग्नेटोची वेळ लावणे शिकले, तर ते हात नुसत्या जुन्या विमानांपुरते राहत नाहीत. पिस्टन इंजिनाची विमाने उडवणाऱ्या प्रशिक्षण संस्था देशात आहेतच, त्यांना ही माणसे लागतात. या इंजिनांना लागणारे खास पेट्रोल पूर्वी बाहेरून आणावे लागे. २०२२ पासून इंडियन ऑईल ते बडोद्यात बनवते. तेव्हा इंधनाची सबबही सांगता येणार नाही.

आणखी एक शंका जाणकारच काढतात. इंजिन बदलले, पत्रा बदलला, तारा बदलल्या; मग मूळ विमान उरले कुठे? याचे उत्तर आपल्या गावोगावच्या देवळांत आहे. जीर्णोद्धारात वासे बदलतात, फरशी बदलते, कळस नवा चढतो, आणि देऊळ तेच राहते, कारण पूजा खंडत नाही. अट एकच, की काय जुने आणि काय नवे याची नोंद चोख असावी. जुने विमान पुन्हा जोडून उभे करण्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. ओडिशाचे माजी मुख्यमंत्री बिजू पटनायक यांचे डाकोटा वर्षानुवर्षे कोलकात्याच्या विमानतळावर पडले होते, ते ओडिशाने २०२३ मध्ये सुटे करून ट्रकवरून भुवनेश्वरला नेले आणि पुन्हा जोडून उभे केले. मग जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथने ज्या जुहूला उतरले, त्या जुहूवर या इतिहासाचे एखादे चालते यंत्र असू नये का?

कायद्याकडूनही तूर्त आशा ठेवण्याजोगे काही नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूलाच संरक्षण मिळते. त्या हिशेबाने १९४४चे डाकोटा २०४४ मध्ये पुरावस्तू ठरेल आणि १९५१चे पहिले एचटी-२ थेट २०५१ मध्ये. तोवर ती भंगारात घालायला किंवा देशाबाहेर न्यायला हा कायदा आडवा येणार नाही. विमानांसाठी ही अट पन्नास वर्षांवर आणावी आणि देशात उरलेल्या प्रत्येक जुन्या विमानाची यादी नागरी उड्डाण खात्याने एका ठिकाणी जाहीर करावी. याला फार पैसे लागत नाहीत.

पण त्याहून घाईची गोष्ट घराघरांत आहे. लिबरेटर आणि सुपर कॉन्स्टेलेशनवर काम केलेले तेव्हाचे तरुण मिस्त्री आज उतारवयात आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत असे कोणी आजोबा असतील तर त्यांच्यापाशी बसा, ते इंजिन कसे चालू करत ते विचारा आणि लिहून घ्या. आणि त्यांची जुनी लॉगबुके, हस्तपुस्तिका रद्दीत घालू नका.