कौल कोणी कुणाला द्यायचा?

बेळगावच्या खासबागेत रविवारी आठवडी बाजार भरतो. पिशव्या भरल्या की चहाच्या गाड्यावर सीमाप्रश्न निघतो आणि बोलणे हमखास एकाच वाक्यावर येऊन थांबते: ‘सरकारवर भरवसा म्हणजे देवाला नवस. पावला तर पावला!’ वाक्य चटकदार आहे. म्हणूनच ते पारखून घ्यायला हवे.

असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. शेजारच्या वडगावात मंगाईदेवीच्या यात्रेत गाऱ्हाणे घालतात. मुंबईच्या मंत्र्यांपुढेही आम्ही गाऱ्हाणेच मांडतो. देवाला कौल लावतात, मतदारही कौलच देतो. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची भुवनेश्वरी मिरवते, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी निघते. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना हिंडलग्याच्या स्मारकावर दर 1 जूनला फुले वाहिली जातात. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने तर 1651 मध्येच राज्यसंस्थेला मर्त्य देव म्हटले होते.

पण हे साम्य शब्दांचे आणि विधींचे आहे, व्यवहाराचे नाही. कौलाचेच घ्या. देवळात कौल देव देतो आणि भक्त तो मानतो. निवडणुकीत कौल आपण देतो आणि सरकारने तो मानायचा असतो. शब्द तोच, दिशा उलटी. देव आपले काही देणे लागत नाही; सरकार लागते. हुंडीत टाकलेल्या रुपयाचा हिशेब कोणी देवीला विचारत नाही. घरपट्टीच्या रुपयाचा विचारायलाच हवा.

पोथीचा दाखला देणारेही आहेत. सीमाप्रश्नावरचा 1967 चा महाजन अहवाल हाच अंतिम शब्द, असे कर्नाटक सांगते. मग त्याच अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितले होते, ती पाने कोणी वाचायची? अहवाल ही पोथी नव्हे; तो पुराव्याने खोडता येतो. महाराष्ट्राने तो नाकारला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. नवस पावला नाही म्हणून मंगाईवर कोणी दावा लावत नाही.

आता आमच्या घरचे. मुंबईच्या सरकारला आम्हीच कुलदैवत करून ठेवले आहे. ‘सीमावासीयांच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत’ हा आशीर्वाद मिळाला की आम्ही टाळ्या वाजवून घरी येतो. धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेईल, राजकारणातली मात्र अधोगतीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. तो आम्हालाही लागू आहे.

म्हणून सरकारवरचा विश्वासच सोडून द्यावा का? नाही. देव न मानणाऱ्याचे काही अडत नाही. सरकार न मानले म्हणून जमिनीचा उतारा मराठीत मिळत नाही. विश्वास हवाच, पण तो कसा, हे खासबागेतल्या विणकराकडून शिकावे. तो सूत घेताना तोलून घेतो, साड्या देताना मोजून देतो आणि मजुरी वहीत मांडतो. वही ठेवली म्हणजे मालकावर अविश्वास दाखवला असे होत नाही. वहीमुळेच दोघांचा विश्वास टिकतो.

आमच्या वहीत मांडण्यासारखे पुष्कळ आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद 350 अ सांगतो. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे केंद्राने मान्य केलेले संरक्षण आहे. हे बंगळूरकडे मागायचे. मुंबईच्या मंत्र्याला हार घालण्याआधी विचारायचे: दाव्याची पुढची तारीख कोणती, आणि त्या दिवशी आपली तयारी काय?

गाऱ्हाणे मंगाईपुढे घालावे. सरकारकडे अर्ज द्यावा, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नये.