हेरानं हसू नये

सिनेमाला येताना डोकं घरी ठेवून यावं, असं सांगणारी एक जमात हल्ली फार वाढली आहे. आमचे मेव्हणे हे त्या जमातीचे तहहयात अध्यक्ष. एखादा मारधाडीचा विनोदी हेरपट लागला, की त्यांचा फोन ठरलेला. "भावोजी, धमाल आहे! फक्त डोकं घरी ठेवा." आता मी डोकं घरी ठेवून गेलो, तर त्यावर मिरे वाटणाऱ्यांची सोय होईल, हे खरं. पण तिकीट काढायचं पूर्ण माणसाचं आणि सिनेमा बघायचा मानेपर्यंतच्या माणसानं, हा हिशेब मला कुणी समजावून सांगेल काय?

माझं भांडण हेरपटांशी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार नि काळापहाडावर ज्यांचं बालपण पोसलं, आणि पुढे रमेश मंत्र्यांच्या जनू बांडेनं ज्यांना जेम्स बाँडकडे बघून हसायला शिकवलं, त्यांतला मी. माझं भांडण आहे ते पडद्यावर स्वतःच हसणाऱ्या हेराशी. हा इसम हेलिकॉप्टरला एका हातानं लोंबकळत असतो, खाली मगरी आ वासून बसलेल्या असतात, आणि हा आपल्याकडे बघून डोळा मारतो! अरे, तुलाच जर भीती वाटत नसेल, तर मी का खुर्चीचा हात घट्ट धरून बसू? आणि मी तो धरलेलाच नसेल, तर सोडून हसू कधी?

या रोगाचा नामांकित रुग्ण म्हणजे १९६७ सालचा 'कॅसिनो रोयाल'. बाँडच्याच नावाचा, पण विडंबनाचा. पीटर सेलर्स, डेव्हिड निव्हन, ऑर्सन वेल्स, वुडी ॲलन, म्हणजे एकेकट्यानं सिनेमा खांद्यावर न्यावा अशी माणसं. दिग्दर्शक मात्र एक नव्हे, पाच! लग्नघरात आचारी पाच झाले की आमटीत मीठ पाचदा पडतं. शत्रूला चकवण्यासाठी सगळ्याच हेरांना जेम्स बाँड म्हणायचं, ही कल्पना झकास. पण पुढे जो तो गंमत करायला धावतो. अखेर जुगाराच्या अड्ड्यात घोड्यांवरून काउबॉय काय घुसतात, हवाई छत्र्यांनी इंडियन काय उतरतात, आणि मग सगळंच स्फोटात उडून जातं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. प्रेक्षकाला तर नाहीच नाही.

उलट १९६५ साली अमेरिकन टेलिव्हिजनवर सुरू झालेली 'गेट स्मार्ट' मालिका पाहा. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री या दोघांची ही करामत. त्यातल्या हेराचा टेलिफोन बुटात असतो. बुटात फोन, एवढ्यावर फार तर एकदा हसू येईल. खरी गंमत ही, की हा गृहस्थ चारचौघांत बूट काढून तळवा कानाला लावतो आणि अत्यंत गंभीरपणे देशाच्या सुरक्षेबद्दल बोलतो. गुप्त बोलणी बाहेर फुटू नयेत म्हणून साहेबांच्या खोलीत छतावरून एक पारदर्शक घुमट खाली येतो. त्यात डोकी घातली की आतल्या दोघांनाच एकमेकांचं ऐकू येत नाही! तरी नियमावर बोट ठेवून हेर दर वेळी घुमट मागतोच. कुठल्याही कचेरीत नवीन यंत्र आल्याचं ज्यानं पाहिलंय, त्याला हा घुमट परका वाटणार नाही.

फ्रेंचांचा १९७२ सालचा, इव्ह रोबेरनं दिग्दर्शित केलेला 'एका पायात काळा बूट असलेला उंच, सोनेरी केसांचा माणूस' तर नोकरदारांना सक्तीनं दाखवला पाहिजे. (मूळ फ्रेंच नावही एवढंच लांबलचक आहे, माझा इलाज नाही.) हेरखात्याचा मुख्य आहे तुलूझ, आणि त्याच्या खुर्चीवर डोळा आहे दुय्यम साहेब मिलानचा. इथवर गोष्ट कुठल्याही कचेरीतली. मिलानला गुंतवून ठेवण्यासाठी मुख्य साहेब एक हूल उठवतो, की आपला एक बडा हेर येतोय. आणि ऑर्ली विमानतळावरच्या गर्दीतून कुणीही एक माणूस उचलायला सांगतो. निवड होते एका व्हायोलिनवाल्याची. का? तर त्याच्या एका पायात काळा बूट आणि दुसऱ्या पायात तपकिरी! मिलानची माणसं त्याच्या मागे लागतात, घरात मायक्रोफोन लावतात, त्याच्या प्रत्येक वेंधळेपणाचा सांकेतिक अर्थ लावत बसतात. काहीच सापडत नाही. म्हणजे माणूस किती पोहोचलेला असेल बघा! एकदा संशयाची फाइल उघडली, की निरपराधपणा हाच मोठा पुरावा. भोवती खरोखरची प्रेतं पडायला लागतात आणि पिएर रिशार हा नट मुद्दाम एकही विनोद न करता, मित्राच्या बायकोबरोबरचं आपलं लफडं निस्तरण्यात गर्क असतो. हसता हसता माझ्या पोटात गोळा आला तो इथे. एखाद्या दिवशी घाईत मीही दोन रंगांचे मोजे घालून बाहेर पडतोच की!

तर मग मारामारी नकोच का, असं कुणी विचारेल. हवी! पण लागणारी हवी. २०१५ च्या 'स्पाय'मधली मेलिसा मॅकार्थी सी.आय.ए.च्या तळघरात बसून देखण्या हेराच्या कानात 'डावीकडे वळ, मागे माणूस आहे' असं सांगण्यात उमेद घालवते. स्वतः कामगिरीवर निघायची वेळ आली, की खातं तिला आयुधं देतं ती मूळव्याधीच्या नि बुरशीच्या औषधांच्या वेष्टनात, आणि सोंग देतं ते मांजरं पाळणाऱ्या एकाकी बाईचं. चाळिशीच्या कारकून बाईकडे खातं कसं बघतं, हे सांगायला संवाद लागत नाही. नंतर एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ती आपल्या हिंदी पडद्यावरच्या नर्गिस फाखरीशी तवे-पातेल्यांनी लढते, तेव्हा आपण हसतो, कारण समोरच्या हातातली सुरी खरी आहे. जेसन स्टेथम तर तिथे नुसत्या फुशारक्या मारतो. एक हात तुटला तो दुसऱ्या हातानं जोडला म्हणे! पण बोलताना चेहऱ्यावरची सुरकुती हलेल तर शपथ.

या सगळ्यांचा आजोबा १९५९ सालचा, कॅरल रीडचा 'अवर मॅन इन हॅवाना'. कादंबरी ग्रॅहॅम ग्रीनची, आणि ग्रीन स्वतः महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होता. म्हणजे घरचाच आहेर. ॲलेक गिनेस हा क्यूबात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा सज्जन. मुलीचे खर्च भागेनात, म्हणून तो हेरगिरी पत्करतो. हेरगिरी जमेना, म्हणून काल्पनिक हस्तकांच्या याद्या करतो आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं काढून 'डोंगरातली गुप्त बांधकामं' म्हणून लंडनला पाठवतो. लंडन थक्क! पण शत्रूचाही त्या याद्यांवर विश्वास बसतो आणि खरी माणसं मरू लागतात. त्यातला एक सोंगट्यांचा डाव मी कितीदा पाहिला असेल. सोंगट्यांच्या जागी दारूच्या छोट्या बाटल्या, आणि जो मारेल त्यानं ती प्यायची. समोर बसलाय कैद्यांचा छळ करण्याबद्दल कुप्रसिद्ध पोलीस कप्तान. हा बिचारा जिवाच्या आकांतानं हरत राहतो, कारण कप्तान जिंकला तरच झोपेल आणि त्याचं पिस्तूल हाती येईल.

अखेर लंडनला बिंग फुटतं. वरिष्ठांची बैठक बसते. शिक्षा करावी, तर झाडलोटीच्या यंत्राला आपण भयंकर शस्त्र समजलो, हे जगजाहीर होणार. तेव्हा ते त्याला सरकारी सन्मान देतात आणि नव्या हेरांना शिकवण्याच्या कामावर नेमतात. त्या बैठकीत कुणीही हसत नाही.