हात मांडीवर ठेवून वेबसाइट तपासा

संगणक म्हटला की कळफलक आणि माऊस आलेच, असे आपण धरून चालतो. पण संधिवाताने ज्यांची बोटे आखडली आहेत, अर्धांगवायूने हात लुळा पडला आहे, कंपवातामुळे हात स्थिर राहत नाही किंवा अपघातात मणक्याला इजा झाली आहे, त्यांनी काय करावे? २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख जणांचे अपंगत्व शरीराच्या हालचालींशी संबंधित होते. शिवाय वयोमानाने बोटांतले त्राण गेलेले आजी-आजोबा तर घरोघरी आहेत.

अशा माणसांना एक चांगला मदतनीस मिळाला आहे, तो म्हणजे बोललेले ओळखणारा संगणक. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्रॅगन सिस्टिम्स या कंपनीने ‘ड्रॅगन डिक्टेट’ विक्रीस आणले, तेव्हा प्रत्येक शब्दानंतर थांबून बोलावे लागे. १९९७ मध्ये त्याच कंपनीच्या ‘नॅचरली स्पीकिंग’ने ही अडचण दूर केली आणि माणूस नेहमीसारखा सलग बोलू लागला. आज ही सोय वेगळी विकत घ्यावी लागत नाही. अँड्रॉइड फोनसाठी ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’, आयफोनमध्ये ‘व्हॉइस कंट्रोल’ आणि विंडोज ११ मध्येही ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ आहे. गूगलने तर ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली.

मग अडते कुठे? अडते ते वेबसाइटच्या रचनेत!

दिसते एक, नाव दुसरेच

पडद्यावरील प्रत्येक बटणाला दोन नावे असू शकतात. एक आपल्याला दिसते ते, आणि दुसरे संगणकासाठी आत लिहिलेले. आवाजाने काम करणारा माणूस दिसते तेच नाव उच्चारणार. बटणावर ‘पे नाऊ’ लिहिले आहे आणि आत मात्र ‘सबमिट फॉर्म’ असे नाव दिले आहे, तर तो कितीही वेळा ‘पे नाऊ’ म्हणाला तरी बटण ढिम्म हलत नाही. बिचाऱ्याला वाटते, आपलेच उच्चार चुकताहेत! मराठी पानांवर हा धोका अधिक. वर ‘शोधा’ असे भाषांतर केले जाते आणि आतले इंग्रजी नाव तसेच राहून जाते.

वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या जून २०१८ च्या आवृत्तीत म्हणूनच एक नियम घालण्यात आला: बटणावर दिसणारे शब्द त्याच्या आतल्या नावातही असलेच पाहिजेत. नियम साधा आहे. तो पाळायला सहसा एखादी ओळ बदलणे पुरते.

घरच्या घरी चाचणी

ही तपासणी करायला तज्ज्ञच हवा असे नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या विभागात जाऊन वर सांगितलेली सोय सुरू करा. काही अँड्रॉइड फोनवर ती प्ले स्टोअरवरून घ्यावी लागते. भाषा इंग्रजी निवडली असेल, तर आज्ञाही इंग्रजीत द्याव्या लागतात. आता एखादे नेहमीचे काम ठरवा, उदाहरणार्थ विजेचे बिल पाहून पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचणे. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि ते काम केवळ बोलून करून पाहा.

१. जे बटण हवे, त्यावरील शब्द जसेच्या तसे उच्चारा. बटण दाबले गेले का?

२. ज्यावर नुसते चित्र आहे, जसे भिंग किंवा तीन आडव्या रेघा, त्याला काय म्हणावे हे कळते का? आयफोनवर ‘शो नेम्स’ म्हटले की आतली नावे पडद्यावर उमटतात. तिथे ‘मेनू’ दिसले तर ठीक. ‘आयकॉन २३’ असले काही दिसले, तर ते कोण ओळखणार?

३. ‘शो नंबर्स’ म्हणा. दाबता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आकडा येईल. एखाद्या बटणावर आकडा आला नाही, तर ते केवळ बटणासारखे रंगवलेले चित्र आहे, संगणकाच्या लेखी ते बटणच नाही.

४. माऊस नुसता वर नेला की उघडणारी यादी किंवा बोटाने ओढायची पट्टी असेल, तर तिला साध्या दाबण्याचा पर्याय आहे का?

५. बोलून फॉर्म भरायला वेळ लागतो. मध्येच ‘वेळ संपली’ म्हणून सारे पुसले जाते, की वाढवून घेता येते?

काहीच जमले नाही, तर ‘शो ग्रिड’ म्हणून पडद्याचे चौकोन करता येतात आणि आकडे सांगत सांगत हव्या त्या जागी पोहोचता येते. पण एका बटणासाठी तीन-चार आज्ञा द्याव्या लागल्या, तर पानभर फॉर्म भरताना काय होईल? आजारी माणसाचा आवाजही थकतो. तेव्हा ही शेवटची वाट आहे, ती आहे म्हणून वेबसाइट चांगली ठरत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पासवर्ड मोठ्याने उच्चारू नका. तो फोनमध्ये सुरक्षित साठवून आपोआप भरू द्यावा. जी वेबसाइट असे भरू देत नाही, ती सुरक्षेच्या नावाखाली अशा माणसांना दाराबाहेरच ठेवते.

ही मेहेरबानी नव्हे

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर व सेवा त्यांना वापरता याव्यात, ही शासनाची जबाबदारी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ओळख पटवून देताना येणाऱ्या अडचणींचे ते प्रकरण होते.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. ज्या वडिलांना स्वतःचे बँक खाते पाहता येत नाही, त्यांना पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. मुलगा-सून कितीही प्रेमाची असली, तरी आपल्या औषधांची, आपल्या शिलकीची गोष्ट स्वतःपुरती ठेवण्याचा हक्क त्यांनाही आहेच ना?

म्हणून चाचणीत काही अडले, तर चिडून सोडून देऊ नका. वेबसाइटच्या तक्रार विभागाला लिहा. ‘वेबसाइट चालत नाही’ एवढेच लिहून उपयोग नाही. कोणत्या पानावर, कोणते बटण, कोणता शब्द उच्चारला आणि काय झाले, हे चार ओळींत कळवा. आणि आपल्या घरात, शेजारीपाजारी कोणी वेबसाइट बनवण्याचे काम करत असेल, तर त्याला एवढेच सांगा: बाबा रे, काम झाले म्हणण्यापूर्वी एकदा हात मांडीवर ठेवून बघ.