त्याच्या जागी काय, तेही सांगा

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद



सुमारे शंभर वर्षांपूर्वी, आपली संस्था निलगिरीतल्या कुन्नूरला होती तेव्हा, संस्थापक रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी पांढऱ्या उंदरांवर एक प्रयोग केला. एका गटाला शिखांचे जेवण, दुसऱ्याला पठाणांचे, तिसऱ्याला मराठ्यांचे, असे करत एका गटाला मद्रासकडचे भाताचे जेवण दिले. शीख, पठाण आणि मराठी जेवणावरचे उंदीर अंगाने भरले. मद्रासकडच्या जेवणावरचे सर्वांत मागे राहिले. आजच्या कसोट्यांवर त्या प्रयोगात उणिवा काढता येतील. पण मॅककॅरिसन यांनी एकट्या तुपाची किंवा एकट्या तांदळाची परीक्षा घेतली नाही, अख्ख्या ताटाची घेतली. हृदयविकार टाळायला काय खावे, यावर आज जो गलबला माजला आहे त्यात ताट कुठेच दिसत नाही. ते पुन्हा मध्यभागी आणण्याचा अधिकार देशात आपल्याइतका दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून हे पत्र आपल्याला.

अँजिओप्लास्टी करून माणूस घरी येतो तेव्हा त्या घरात काय घडते ते पाहा. डॉक्टरांनी तेल-तूप कमी करायला सांगितलेले असते. भेटायला आलेले काका रोज दोन चमचे साजूक तूप घ्यायला सांगतात. मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणतो, रिफाइंड तेल विष आहे, घाण्याचेच आणा. जिमला जाणारा मुलगा भात-पोळी बंद करायच्या मागे लागतो, आणि अंड्यातला पिवळा बलक खावा की काढून टाकावा यावर तर घरात दोन तट पडतात. स्वयंपाक करणारी बाई ओट्याशी उभी असते आणि संध्याकाळची भाजी तिला फोडणीला टाकायचीच असते. बहुतेक वेळा ती थोडे दिवस एकाचे ऐकते, थोडे दिवस दुसऱ्याचे, आणि मग सगळे सोडून जुन्या वळणावर येते.

या गोंधळाची किंमत आपल्याकडे मोठी आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. घरातला कर्ता माणूस, मुलांची शिक्षणे चालू, कर्जाचे हप्ते चालू, अशा वयात हा आजार गाठतो.

आहारशास्त्र सारखे कोलांट्या मारते, अशी लोकांची समजूत झाली आहे. त्या कोलांट्यांचा इतिहास नीट सांगितला तर समजूत बदलू शकते. अमेरिकन संशोधक ॲन्सेल कीज यांचा सात देशांचा अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला आणि संपृक्त स्निग्धांश, म्हणजे लोणी, तूप, मांसाची चरबी यांवर बोट ठेवले गेले. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एक आढावा लिहिला. त्यात दोष चरबीवर टाकून साखरेला हलके सोडले होते. त्या आढाव्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संघटनेने पैसे मोजले होते, हे जगाला कळले २०१६ मध्ये. मधल्या काळात ‘लो फॅट’ची पाटी लावलेली बिस्किटे, दही आणि सिरिअल्स साखर घालून खपली. चरबी गेली खरी, पण तिच्या जागी मैदा आणि साखर आली.

तिच्या जागी काय आले, हा प्रश्न विचारला की अर्धे विरोधाभास जागच्या जागी सुटतात. लोणी-तुपाच्या जागी साखर आणि मैदा आला तर हृदयाचा फायदा होत नाही. शेंगदाणे, अक्रोड, कडधान्ये, असंपृक्त तेले आली तर होतो. संपृक्त चरबी कमी करण्याच्या प्रयोगांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हृदय-रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष एका वाक्यात सांगितले तर कुणाची दिशाभूल होत नाही. एकच सांगितला की दोन पक्ष तयार होतात.

महाराष्ट्राच्या अगदी जवळचे उदाहरण करडईचे आहे. सोलापूर आणि मराठवाड्यातल्या काळ्या रानात रब्बीला येणारे हे काटेरी पीक. त्याचे तेल हृदयाला चांगले म्हणून एक पिढीभर मध्यमवर्गीय घरांत वापरले गेले. मग २०१३ मध्ये सिडनीतल्या एका जुन्या प्रयोगाची आकडेवारी नव्याने तपासली गेली. १९६६ ते १९७३ या काळात ४५८ हृदयरुग्ण पुरुषांपैकी एका गटाला प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचे मार्गारीन दिले होते. त्या गटात मृत्यू १७.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के. मग करडई वाईट ठरली का? अभ्यास लहान, सगळे आधीच हृदयरुग्ण, आणि त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यता. त्यातून घेण्यासारखा धडा एवढाच की कोणतेही एकच तेल भरपूर खाऊन हृदय वाचत नाही. आपल्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही तेल बेताने वापरा आणि निरनिराळ्या तेलबिया, सुकामेवा, डाळी यांतून स्निग्धांश घ्या, असेच सांगितले आहे. पण हे वाक्य करडईच्या गोष्टीसह सांगितले तर सोलापूरच्या माणसाला ते कायमचे लक्षात राहील.

कोकण आणि गोव्यात हाच पेच नारळाचा. हार्वर्डशी संबंधित एका प्राध्यापिकेने २०१८ मध्ये जर्मनीतल्या व्याख्यानात खोबरेल तेलाला निव्वळ विष म्हटले, तेव्हा भारताच्या फलोत्पादन आयुक्तांनी विधान मागे घेण्याची मागणी करणारे पत्र हार्वर्डला पाठवले. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश संपृक्त असतो आणि त्याने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते, हे खरे आहे. पण माशाच्या कालवणात वाटून घातलेला ओला नारळ आणि बाटलीतले तेल यांचा हिशेब एक नाही. कालवणात चोथा आहे, मासळी आहे, कोकम आहे. मालवणच्या बाईला उत्तर तिच्या कालवणाबद्दल हवे असते.

आणि मूळ भारतीय प्रश्न तेलाच्याही अलीकडचा आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार आपल्या ऊर्जेचा सुमारे ६२ टक्के भाग पिष्टमय पदार्थांतून येतो, आणि त्यातला बराचसा पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा असतो. अठरा देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासातही पिष्टमय पदार्थांचे प्रमाण फार जास्त असलेल्या गटात मृत्यू अधिक दिसले. इंडियाबच्या अहवालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे: पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणून मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही, पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथे डाळी, दूध, अंडी यांतली प्रथिने आल्यावर तो घटलेला दिसला. म्हणजे ‘भाताऐवजी भाकरी’ एवढा सल्ला अपुरा आहे. भाकरी एक कमी आणि मटकीची उसळ एक वाटी जास्त, असा सल्ला हवा.

ज्यावर जवळजवळ सगळ्यांचे एकमत आहे, ते मात्र मागे पडते. मीठ कमी, ट्रान्स फॅट जवळजवळ शून्य, भाज्या आणि फळे, डाळी-कडधान्ये, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, साखर कमी, तंबाखू बंद. भारताने जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, हे मोठे काम झाले आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

आता आपण सुचवलेली मापे स्वयंपाकघरात आणून पाहू. दोन हजार कॅलरींच्या ताटाला आपण दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगता. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ते सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर होते, तुपासकट. महिन्याच्या किराण्यात पाच लिटरचा कॅन संपत असेल तर त्या घराला हिशेब तिथेच कळतो. मीठ माणशी ५ ग्रॅम. चौघांच्या घरात एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि त्यातही लोणचे, पापड, फरसाण, वडापावबरोबरची तळलेली मिरची यांतले मीठ वेगळे मोजायचे. राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतीयांचे मीठ रोजचे सुमारे ८ ग्रॅम निघाले होते. चीनमधल्या ६०० खेड्यांत साध्या मिठाऐवजी थोडे पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. हे सांगतानाच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, हेही तेवढ्याच ठळकपणे सांगायला हवे.

असे सांगितले तर लोक बदलतात, याला फिनलंडचा पुरावा आहे. नॉर्थ करेलिया प्रांतात १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांनी काम सुरू केले. तिथे दूध-लोण्यावर पोसलेले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. पुस्का यांनी महिला मंडळांना हाताशी धरले, गावोगाव जमून भाज्यांचे पदार्थ करून दाखवले, खाटकांना आणि बेकरीवाल्यांना मीठ-चरबी कमी करायला लावली. चार दशकांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. महाराष्ट्रात बचत गट आहेत, आशाताई आहेत, अंगणवाड्या आहेत. त्यांच्या हाती द्यायला साधा, एकसारखा मजकूर हवा.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या आहेत.

पहिली: प्रत्येक ‘हे कमी करा’ या सल्ल्यासोबत ‘त्याच्या जागी हे घ्या’ असे लिहावे, आणि ते प्रांताच्या ताटाप्रमाणे लिहावे. विदर्भाचे ताट वेगळे, कोकणाचे वेगळे.

दुसरी: प्रत्येक सल्ल्यापुढे पुरावा भक्कम, मध्यम की तुटपुंजा, हे सोप्या मराठीत छापावे. स्पेनमधला भूमध्यसागरी आहाराचा गाजलेला ‘प्रेडिमेड’ अभ्यास २०१८ मध्ये गटांच्या वाटणीतल्या त्रुटींमुळे मागे घेऊन, सुधारून पुन्हा छापावा लागला. अशा गोष्टी लोकांना आपणच आधी सांगाव्यात. मोबाइलवरून अर्धवट कळल्या की सगळ्या शास्त्रावरचा विश्वास उडतो.

तिसरी: सल्ला बदलला की कारण सांगावे. अमेरिकेने २०१५ मध्ये आहारातल्या कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली, तेव्हा अंडे निर्दोष ठरले की काय, हा प्रश्न इथल्या लाखो घरांत अनुत्तरित राहिला.

चौथी: पाकिटावरच्या इशाऱ्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे आपण आपले वजन खर्च करावे. २०२२ च्या मसुद्यात तारे देण्याची पद्धत सुचवली होती. तीत शेंगदाणे किंवा चोथ्याचे गुण मिठाचे अवगुण झाकू शकतात. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापले: मीठ जास्त, साखर जास्त. शाळेतल्या मुलालाही ते वाचता येतात.

या मागण्यांतून निघणारा मजकूर दोन पानांत मावेल. हृदयविकाराचा रुग्ण सरकारी किंवा खासगी रुग्णालयातून घरी जाताना डिस्चार्जच्या कागदांबरोबर तो त्याच्या घरच्यांच्या हाती पडावा, आणि वाचून दाखवायला तिथे आहारतज्ज्ञ किंवा परिचारिका असावी, एवढी व्यवस्था राज्याच्या आरोग्य विभागाच्या मदतीने एका जिल्ह्यापासून सुरू करता येईल.

कळावे,
आपल्या मार्गदर्शिकेचे मराठी वाचक