पाटीवरचे नाव

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हटली की वडसा. गावाचे सरकारी नाव देसाईगंज, स्टेशनच्या पाटीवर वडसा. खाली चंद्रपूरकडे गेलात तर शहर बल्लारपूर आणि स्टेशन बल्लारशाह. चांद्याचे चंद्रपूर होऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी एका स्टेशनवर अजून ‘चांदा फोर्ट’ आहेच. त्यावरून आमच्याकडे कधी मोर्चा निघाल्याचे आम्हांस आठवत नाही. गाडी वेळेवर येवो, एवढीच लोकांची मागणी.

मग मोठ्या शहरांतल्या मेट्रोच्या नावांवरून एवढे रान का उठते, असे आमच्या काही वाचकांना वाटते. त्यांना आम्ही मुंबईचे एक उदाहरण देतो. कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्या काही स्थानकांच्या नावाआधी कंपन्यांची नावे लागली आहेत. सिद्धिविनायकाच्या आधी विमा कंपनी, महालक्ष्मीच्या आधीही विमा कंपनी आणि आचार्य अत्रे चौकाच्या आधी म्युच्युअल फंड! कंपनी पैसे मोजते, मेट्रोला तिकिटाखेरीज चार पैसे मिळतात, असा हा व्यवहार. देवाच्या नावाआधी कंपनी आली म्हणून भाविक रागावले. त्यांचा राग त्यांच्यापाशी. आम्हांला लागले ते अत्र्यांचे नाव. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता रचली गेली, तेव्हा लाखोंच्या आक्रोशाला ज्यांनी शब्द दिले ते हे अत्रे. त्यांच्या नावाआधी गुंतवणुकीची जाहिरात वाचताना आमच्या पिढीच्या माणसाला काय वाटत असेल, ते सांगायला नको.

नावाची किंमत पैशात होते हे आपल्या समाजाला नवीनच कळते आहे. आपण ती वेगळ्या नाण्यात मोजली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आपली घरे पेटली. पोचिराम कांबळे गेले. १९७९ साली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, त्यात आपल्या विदर्भातली माणसे औरंगाबादच्या दिशेने चालत गेली. गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले, तेही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. सोळा वर्षे एका पाटीसाठी! त्यामुळे ‘नावात काय आहे’ असे कोणी म्हटले की आम्ही गप्प बसतो. त्याला काय आणि किती सांगणार?

आता आपल्या जवळच्या नागपूरकडे वळू. तिथली मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिचे नाव ‘माझी मेट्रो’, साधे आणि आपले. ते ज्याला सुचले त्याला आमचा जयभीम. मार्गांची नावे मात्र ऑरेंज लाइन आणि ॲक्वा लाइन. नागपूर म्हणजे संत्री, तेव्हा ऑरेंज समजते. ॲक्वा म्हणजे काय हो? पुण्यात ॲक्वा, मुंबईची ती भुयारी मेट्रोही ॲक्वा. तीन शहरांना मिळून दुसरा शब्द सापडू नये! मार्गाला रंग देण्याची कल्पना चांगलीच आहे, अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही रंग कळतो. पण ‘निळी गाडी’ म्हटले असते तर आपल्या आजीला ती कोणी दाखवावी लागली नसती.

याहून महत्त्वाची गोष्ट, आणि ती आमच्या जिल्ह्यांतल्या कुटुंबांनी नीट ऐकावी. अशोक विजयादशमीला आपली माणसे एस.टी.ने, ट्रॅक्स भरून नागपूरला जातात. काहीजण १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातात, कारण बाबासाहेबांनी तिथेही दीक्षा दिली. नागपुरात मेट्रोच्या नकाशावर ‘डॉ. आंबेडकर चौक’ हे नाव दिसते आणि मन म्हणते, हेच आपले ठिकाण. ते नव्हे. तो चौक शहराच्या पूर्वेला, प्रजापतीनगरच्या बाजूला. दीक्षाभूमी त्याच्या उलट दिशेला. तिच्यासाठी जवळचे स्थानक रहाटे कॉलनी. कॉलनीच्या नावाला आमचा विरोध नाही, तिथेही माणसेच राहतात. पण लाखो लोक ज्या जागेसाठी येतात तिचे नाव स्थानकाच्या नावात असावे, एवढे मागणे जास्त नाही. पुण्याला ‘भोसरी’ नावाचे स्थानक भोसरीपासून लांब होते. लोकांनी तक्रारी केल्या आणि तिथे ‘नाशिक फाटा’ हे नाव लागले. म्हणजे मेट्रोला ऐकू येते, सांगणारे हवेत. आपल्या शाखांनी, महिला मंडळांनी पोस्टकार्ड टाकायला काय हरकत आहे?

तोवर घरातल्या शाळकरी मुलामुलींवर आम्ही एक काम सोपवतो. आजीच्या बटव्यात ठेवायला ठळक अक्षरांत चिठ्ठी लिहा: बर्डीला ऑरेंज गाडी धरायची, खापरीकडे जाणारी. पहिले काँग्रेसनगर, तिथे उठायचे नाही. दुसरे रहाटे कॉलनी, तिथे उतरायचे. पुढे गर्दीच्या मागे चालायचे.