ब्रेकची नळी बदलण्यापूर्वी



कापसाची वेचणी सुरू झाली की पहूर, शेंदुर्णी, जामनेर या पट्ट्यातल्या रस्त्यांवर पिकअप आणि जुन्या जीपगाड्यांची वर्दळ वाढते. जाताना मजूर बायाबापड्या, येताना कापसाचे गाठोडे. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत असे कायदा सांगतो, तरी ती बसतात हे आपण रोज पाहतो. म्हणून या वेळी पीक-पाण्याचा विषय बाजूला ठेवून गाडीच्या ब्रेकबद्दल लिहितो आहे.

हल्ली तरुण मुले एक गोष्ट हौसेने विचारतात. ब्रेकच्या रबरी नळ्या काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी विणलेल्या नळ्या बसवाव्यात का? मोटारसायकलीला त्या बसवलेल्या दिसतात, चकाकतात, आणि दुकानदार सांगतो की ब्रेक दुप्पट लागतो. दुप्पट वगैरे काही लागत नाही. पण नळीत अर्थ नाही असेही नाही.

आधी ब्रेकचे काम समजून घेऊ. आपण पायाने पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल पुढे ढकलले जाते. तो दाब चेसिसवरच्या लोखंडी पाइपातून चाकापर्यंत जातो. चाक मात्र वर-खाली होते, पुढचे तर वळतेही. तिथे लोखंडी पाइप मोडेल, म्हणून शेवटचा हातभर तुकडा लवचिक नळीचा असतो. जुन्या गाड्यांना साधारण पुढे दोन आणि मागच्या ऍक्सलला एक अशा तीन नळ्या असतात. साऱ्या गाडीचा जीव या तीन तुकड्यांवर असतो, आणि ते आपण कधी वाकून पाहत नाही.

मोटर सुरू केल्यावर कापडी किंवा रबरी पाइप आधी फुगतो आणि मग टोकाला पाणी जोरात येते, हे आपण शेतात पाहतो. ब्रेकची रबरी नळीही अशीच किंचित फुगते. नवी असताना फारच थोडी, जुनी झाल्यावर जास्त. तेवढे पेडल फुकट खाली जाते. जाळीच्या नळीत आत टेफ्लॉनची गुळगुळीत नळी असते. हे टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला दुसरेच काही करताना अचानक सापडले. बाहेरून स्टीलची जाळी तिला आवळून धरते, म्हणून ती फुगत नाही. पेडल कडक लागते, पायाला अंदाज चांगला येतो. विमानांत आणि शर्यतीच्या गाड्यांत ती वापरतात ती याचसाठी. घराजवळ उभ्या गाडीच्या रबरी नळ्या उंदीर कुरतडतात, त्यांचेही जाळीपुढे सहसा चालत नाही.

परंतु पेडल मऊ लागण्याचे कारण बहुधा नळी नसतेच. ऑइलमध्ये हवा शिरलेली असते, चाकाचा सिलिंडर गळत असतो, मास्टरचे रबर गेलेले असते, नाहीतर लायनर झिजून पेडल खोल जात असते. दोन-तीनदा पंप मारल्यावर ब्रेक लागतो अशी गाडी घेऊन कोणी महागड्या नळ्या बसवल्या, तर तो खर्च वाया जातो. वाईट म्हणजे, ब्रेकचे काम केले या भरवशावर तो गाडी जोरात हाकतो.

आता घाटाचे घ्या. पहूरहून फर्दापूर ओलांडले की अजिंठ्याचा घाट लागतो. चाळीसगावकडच्यांना कन्नडचा औट्रम घाट आहे. चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना ब्रेकची. एक हिशेब सांगतो. भरलेली गाडी दोन टनांची धरली आणि ती २०० मीटर उंचीवरून खाली आली, तर तिचा वेग अडवताना जी उष्णता तयार होते तेवढ्यात सुमारे १३ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे एक हंडा. इंजिनाने गाडी अडवली नाही, तर यातली बहुतेक उष्णता ब्रेकांना सोसावी लागते. त्यात खानदेशातला एप्रिल-मे.

इथे खरा धोका ऑइलचा. युरियाचे पोते उघडे राहिले तर हवेतला ओलावा ओढून त्याची ढेकळे होतात, तसे ब्रेक ऑइलही ओलावा ओढते, फक्त दिसत नाही. डब्यावर डॉट ३ लिहिलेले नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट तळाला जाते. ही वाफ रबरी नळीत होवो की जाळीच्या, फरक काही नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच भरावे, आणि घाट लहान गिअरात उतरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला काय म्हणावे! इंजिन बंद केले तर बूस्टरही थोड्याच वेळात साथ सोडतो.

नळी तपासायची पद्धत सोपी आहे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी टायरला किंवा पत्र्याला घासते का ते पाहावे. ती हाताने थोडी वाकवून भेगा बघाव्यात. घरातल्या कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगावे आणि नळीवर फुगवटा येतो का ते बघावे. यातले एकही लक्षण दिसले तर नळी बदलावी. काही वेळा बाहेरून नळी ठणठणीत असते, पण आतले रबर सुजून वाट बुजते. ऑइल दाबाने पुढे जाते, परत येत नाही. मग एकच चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. असे चाक जॅकवर घेऊन फिरवून पाहावे. अडकत असेल आणि निपल सैल करताच ऑइल उडून चाक मोकळे झाले, तर बहुधा नळीच दोषी. काही मिस्तरी ऑइल अडवायला रबरी नळी पकडीने चिमटतात. तसे करू देऊ नये, आतले रबर फाटते.

आपल्याकडे केळीसाठी पोटॅश पुष्कळ वाहून नेतात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, ते लोखंडी ब्रेक पाइप गंजवते. स्टेनलेसला काही होत नाही असे दुकानदार म्हणतो, पण क्लोराइडने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडू शकतात. खत वाहिल्यावर गाडी खालून पाण्याने धुवावी.

तर मग जाळीची नळी घ्यावी का? सामान्य पिकअपला कंपनीच्या नव्या रबरी नळ्या, ताजे ऑइल आणि नीट हवा काढणे एवढे पुरते. माझे मत तेच आहे. तरीही घ्यायचीच असेल तर आपल्याच गाडीसाठी बनवलेली, टोके कारखान्यात दाबून बसवलेली आणि वरून प्लॅस्टिकचे आवरण असलेली घ्यावी. उघड्या जाळीत माती शिरते आणि आतली नळी कापत राहते. शिवाय जाळी ज्याला घासेल त्याला कानशीसारखी झिजवते. आतली नळी डोळ्यांना दिसत नाही हा तिचा मोठा दोष. ट्रॉली उचलणाऱ्या हायड्रॉलिकची नळी तोडून ब्रेकला जोडण्याची युक्ती कोणी सुचवली तर त्याला हात जोडावेत. ती वेगळ्या तेलासाठी बनलेली असते. नळी बदलताना तांब्याचे वॉशरही नवे टाकावेत. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारावे.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक दांड्यांवर चालतात, तिथे या नळ्यांचा प्रश्नच नाही. मात्र रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडलांची कडी एकत्र लावावी. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरवर येतो.

उरलेले ब्रेक ऑइल थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये. ते विषारी आहे आणि लहान मुलांना बाटली ओळखीची वाटते. उघडा डबा पुढच्या वर्षासाठीही ठेवू नये. अंगावर सांडले तर पाण्याने धुवावे, आणि गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच, कारण ते रंग उतरवते.