ओसरीवरच्या गप्पा : सर्वांत धाकटी निवडणूक

निवडणुकीचा शौक पाहावा तर आमच्या नगर जिल्ह्यात! 2024 पासून हे नगर कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे. पण बोलताना नुसते 'नगर' म्हटले, तरी दोन्ही नावांचे भागते. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या खोऱ्यात लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून येथल्या माणसाच्या बोटावरची शाई म्हणून कधी पुरती वाळलेली नाही. कारखाना झाला की सोसायटी, सोसायटी झाली की दूधसंघ, मग बँक, मग बाजार समिती, मग पंचायत! कोण कोणाच्या पॅनेलमध्ये आहे आणि कोणाचा मेव्हणा कोठून उभा आहे, हे येथे शाळकरी पोरसुद्धा घडाघडा सांगते.

पण वाचकहो, त्या पोराच्या शाळेचा कारभार पाहणारी समिती कोणी निवडली, हे त्याच्या तीर्थरूपांना विचारून पाहा. तीर्थरूप आधी डोके खाजवतील, मग चष्मा पुसतील, आणि शेवटी म्हणतील, "असते का हो तशी काही समिती?"

असते. म्हणूनच यंदा ओसरीवर बसून, फराळाची चव घेता घेता, आपण याच विषयावर चार गप्पा मारणार आहोत.

शाळेचा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न आजचा नव्हे. विलायतेत 1870 साली कायदा होऊन गावोगाव शाळामंडळे निघाली, आणि ती थेट लोकांच्या मतांनी निवडली जाऊ लागली. तेथे मतदानाची एक गमतीदार रीत होती. मंडळावर जेवढ्या जागा, तेवढी मते प्रत्येकाच्या हाती. ती वाटून द्या, नाहीतर सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात घाला! आणि विशेष म्हणजे, कर भरणाऱ्या बायकांनाही मत होते, आणि बायकांना उभेही राहता येत होते. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट नावाच्या डॉक्टरीणबाई साऱ्या शहरात सर्वाधिक मते घेऊन निवडून आल्या. पार्लमेंटच्या निवडणुकीत मात्र तेथल्या बायकांना मत मिळायला 1918 साल उजाडले. म्हणजे देशाच्या राजवाड्यात शिरण्याआधी बाई शाळेच्या दारातून आत आली होती! ती मंडळे पुढे 1902 च्या कायद्याने गेली. पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आजही शाळांची मंडळे लोक थेट मतदानाने निवडतात.

आपल्याकडे काय झाले? 1923 साली, रँग्लर रघुनाथराव परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळांचा कारभार सरकारकडून स्थानिक संस्थांकडे देणारा कायदा झाला. त्यातून लोकलबोर्डांची आणि मोठ्या नगरपालिकांची 'स्कूल बोर्डे' अवतरली. जुन्या मंडळींना हा शब्द चांगला आठवत असेल. मास्तराची बदली झाली की घरातले वडीलधारे म्हणायचे, "स्कूल बोर्डात कोण आपल्या ओळखीचे आहे, बघा जरा." आता या बोर्डाचे सभासद निवडत कोण? तर लोकलबोर्डाचे आणि नगरपालिकेचे सभासद! तुम्ही नगरसेवक निवडायचा, नगरसेवकाने बोर्ड निवडायचे, आणि बोर्डाने मास्तर इकडचा तिकडे करायचा. पोराचा बाप या साऱ्या वरातीत कोठे? तर मांडवाबाहेर, चपला सांभाळत!

बोर्डांतल्या राजकारणाचा आणि मास्तरांच्या बदल्यांचा बोभाटा झाला. मग 1938 साली कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारी अधिकाऱ्याचा हात बळकट झाला. बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत 1947 चा नवा कायदा आला. पुढे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि जिल्ह्याची बोर्डे त्यांच्या पोटात गेली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. चपला सांभाळणारा मात्र तोच राहिला.

त्याला मांडवात घेतले ते 1 एप्रिल 2010 रोजी लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने. या कायद्याचे एकविसावे कलम म्हणते की, सरकारी, नगरपालिकेच्या आणि अनुदान घेणाऱ्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे; तिच्यात किमान तीन चतुर्थांश आई-बाप असले पाहिजेत; एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत; आणि दुबळ्या, वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि आलेला पैसा कोठे गेला हे पाहणे, ही या समितीची कामे. आपल्याकडे समितीचा अध्यक्ष पालकांतलाच असतो आणि मुख्याध्यापक चिटणिसाचे काम पाहतात. शंभर वर्षांत जे मिळाले नाही, ते एका कलमाने हाती दिले!

आणि ही निवडणूक होते कशी? ना भोंगा, ना भित्तिपत्रक, ना मतपेटी. शाळेच्या एखाद्या वर्गात पालकांची सभा भरते. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसतात. गुरुजी कलम वाचून दाखवतात. मग कोणीतरी म्हणते, "गेल्या वेळचेच राहू द्या." दुसरे म्हणते, "हां, हां." झाली निवडणूक! साखर कारखान्याच्या एका जागेसाठी रात्रीचा दिवस करणारा जिल्हा आपल्या लेकराच्या शाळेसाठी दहा मिनिटांत मोकळा होतो.

सगळीकडे असेच होते असे नाही. जेथे चार पालक जागे असतात, तेथे संडासाला दार बसते, पाण्याची टाकी धुतली जाते, दुपारच्या खिचडीची चव पाहायला एखादी आई वाडगे घेऊन उभी राहते. पण जेथे कोणी फिरकत नाही, तेथे समिती वहीतच जन्मते आणि वहीतच वाढते. सह्या तेवढ्या नेमाने होतात.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, आमचा बंडू आणि आमची मिनी तर इंग्रजी शाळेत. आमचा या समितीशी संबंध काय?" सावेडी, केडगाव, बोल्हेगाव या नगरच्या उपनगरांत नव्या नव्या कॉलन्या झाल्या, तशा पिवळ्या बसगाड्याही दारोदार येऊ लागल्या. विनाअनुदानित खाजगी शाळेला एकविसावे कलम लागू नाही, हे खरे. पण तेथेही हात झटकून मोकळे होता येणार नाही. आपल्या राज्याच्या 2011 च्या शुल्क नियमनाच्या कायद्याने या शाळांत पालक-शिक्षक संघ ठेवला आहे, आणि संघाची कार्यकारी समिती निवडायची पद्धत मोठी मजेची आहे. इच्छुक पालकांच्या नावांची चक्क सोडत! पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे जूनचा हिशोब धरला, तर दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच. फी वाढली म्हणून वर्षभर जिन्यात उभे राहून कुरकुरणाऱ्यांनी सोडतीत आपली चिठ्ठी टाकली होती का, एवढेच आम्हांला विचारायचे आहे. चिठ्ठी न टाकणाऱ्याला नशिबाला बोल लावण्याचासुद्धा हक्क नाही!

पण आमच्या मनात खरी बोच आहे ती वेगळीच. मध्यमवर्ग महापालिकेच्या शाळेतून उठून गेला. त्याबरोबर अर्ज लिहिणारा, नियम विचारणारा, साहेबापुढे न चाचरता बोलणारा पालकही उठून गेला. मागे राहिली ती आपल्याच घरी धुणे-भांडी करणाऱ्या बाईंची मुले, वॉचमनची मुले, बांधकामावरच्या गवंड्याची मुले. कायद्याने त्या बाईंना खुर्ची दिली; पण पालकसभा भरते कामाच्या दिवशी, ऐन अकराच्या ठोक्याला. त्या वेळी त्या बाई कोठे असतात? तुमच्या-आमच्या मोरीत. एका घरची भांडी चुकवावीत तर खाडा धरला जातो. सभा चुकवावी तर कोणीच विचारत नाही. मग त्या काय चुकवतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

याच नगरात मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवीत. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे फॅरारबाईंकडे घेतले. ज्या गावाने एवढे पाहिले आहे, त्या गावात एका आईला शाळेच्या सभेसाठी दोन तासांची सुटी मिळू नये?

तेव्हा गृहिणींनो आणि गृहस्थहो, यंदा भाऊबिजेला घालायच्या ओवाळणीची यादी करताना एक ओळ जास्तीची लिहा. घरी कामाला येणाऱ्या बाईंना साडी द्याल, मिठाई द्याल, बोनसही द्याल. ते सारे द्याच. शिवाय त्यांना विचारा, "तुमच्या मुलांच्या शाळेत पालकसभा कधी आहे?" आणि सांगा, "त्या दिवशी येऊ नका. पगार कापणार नाही. सभेला जा, आणि गुरुजींनी विचारले की स्वतःचे नाव सुचवा." त्या संकोचून म्हणतील, "मला काय कळतंय, ताई?" तर त्यांना सांगा की, खिचडी कच्ची आहे की शिजलेली, आणि पोराला वाचता येते की नाही, हे कळायला पदवी लागत नाही.

तुमच्या घरची भांडी त्या दिवशी तुम्हीच घासा. एका मताची एवढी किंमत फार नव्हे. कारखान्याच्या निवडणुकीत तर माणसे याहून पुष्कळ जास्त मोजतात!